पहाटेची लाइन

मी आठवीत होतो आणि शाळेआधी पेपरची लाइन टाकायचो. नारायण आणि शनिवार पेठेतली बावन्न घरं. आप्पा बळवंत चौकाजवळ गठ्ठा घ्यायचा, फुटपाथवर बसून मोजायचा आणि सायकलला टांग मारायची. पेपरच्या घडीचं एक टोक आत घट्ट खुपसलं की तो वाड्याच्या माडीवर नेमका जाऊन पडतो. घडी ढिली राहिली तर थेट हौदात! ओली शाई बोटांना लागायची आणि बोटांची शर्टाला. प्रार्थनेच्या रांगेत ते डाग लपवता लपवता पुरेवाट व्हायची.

इतिहासाच्या सरांनी एकदा ते पाहिलेच. ओरडले नाहीत, हातात खडू दिला. "रोज व्हरांड्यातल्या फळ्यावर पाच बातम्या लिहायच्या." पहिल्या दिवशी मी मोठ्या ऐटीत पाचही बातम्या दिल्लीच्या लिहिल्या. सरांनी तीन पुसल्या. "अरे, उद्या नळाला पाणी येणार की नाही, ते लिही आधी!"

मग फळ्यापाशीच त्यांनी पुण्यातल्या पेपरांचा इतिहास सांगितला. 'ज्ञानप्रकाश' 1849 सालचा, 1904 पासून रोज निघू लागलेला. 'केसरी' 1881 चा. तो काढणारे चिपळूणकर, टिळक, आगरकर म्हणजे न्यू इंग्लिश स्कूलचे मास्तर, हे सांगताना सर कॉलर ताठ करत. पण रमायचे ते 'सकाळ'मध्ये. अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेल्या नानासाहेब परुळेकरांनी 1 जानेवारी 1932 रोजी तो सुरू केला. ज्या गावात अग्रलेखावरून घराघरांत वाद पेटायचे, तिथे त्यांनी बातमीला मान दिला. गल्लीतल्या बातमीलासुद्धा. सरांच्या मते याला जास्त धाडस लागतं. माझं मत अजून पक्कं झालेलं नाही. टिळकांचा अग्रलेख तो अग्रलेखच.

12 जुलै 1961 ला पानशेत धरण फुटलं. पहाटे टाकलेले पेपर दुपारपर्यंत घरांसकट पाण्याखाली होते. पुढे लाइनीवर गेलो तर निम्म्या वाड्यांच्या जागी चिखल आणि वासे. पेपर टाकायचा कुठे? उरलेला गठ्ठा घेऊन शाळेत आलो. वर्गावर्गांत पूरग्रस्त कुटुंबं उतरली होती. बाक भिंतीला लावलेले, खिडक्यांच्या गजांवर लुगडी वाळत घातलेली.

"ए बाळ, पेपर!"

ओंकारेश्वरामागच्या वाड्यातले आजोबा. रोज माडीवरून घडी झेलणारे. चष्म्याची एक काच गेलेली. त्यांनी पेपर डोळ्यांशी धरला, बंडीच्या खिशातून ओल्या नोटा काढून महिन्याचं बिल चुकतं केलं. मी नको नको म्हणत होतो.

"आणि पत्ता बदलून घे," ते म्हणाले. "आठवी ब, खिडकीजवळचा कोपरा."

माझा बाक तिथेच असायचा.