चॅनेल १७चा हिशेब: अटलांटा, टेड टर्नर आणि सीएनएनच्या आधीची गोष्ट

महाराष्ट्रातून आई-वडील किंवा सासू-सासरे अटलांटाला आले की बघायच्या ठिकाणांत कोका-कोलाचं संग्रहालय, मत्स्यालय आणि सीएनएन ही तीन नावं हमखास असतात. त्यातलं तिसरं आता यादीतून काढा. डाउनटाउनमधल्या सीएनएन सेंटरची स्टुडिओ फेरी २०२०मध्ये बंद झाली आणि नंतर वाहिनीनंच ती इमारत सोडली. सीएनएन परत गेली ती टेकवूड ड्राइव्हवर. तिचा जन्मही त्याच रस्त्यावरचा. शहराच्या मधून जाणाऱ्या ७५-८५ महामार्गाला लागूनच हा परिसर आहे. आत जाता येत नाही, पण सीएनएनचे संस्थापक टेड टर्नर या माणसानं नेमकं काय केलं हे समजून घ्यायचं तर सुरुवात इथूनच करायला हवी.

आपल्याकडे टर्नर म्हटलं की सीएनएन, फार तर कार्टून नेटवर्क आठवतं. त्यांची खरी अक्कलहुशारी मात्र त्याआधी दहा वर्षं चालवलेल्या एका मरतुकड्या स्थानिक स्टेशनात दिसते. सीएनएनला लागणारा पैसा, केबलवाल्यांशी ओळख, उपग्रहाची समज, सगळं त्या चॅनेल १७मधून आलं.

टर्नर घराण्याचा धंदा रस्त्यावरच्या जाहिरात फलकांचा, म्हणजे होर्डिंगचा. टेड यांचा जन्म १९३८चा, सिनसिनाटीचा. मार्च १९६३मध्ये वडिलांनी आत्महत्या केली, तेव्हा ते २४ वर्षांचे होते. मोठं कर्ज काढून वडिलांनी धंदा वाढवला होता आणि मग घाबरून त्याचा एक भाग विकायला काढला होता. मुलानं तो सौदा मोडला आणि फलक परत मिळवले. होर्डिंगचा धंदा तसा कंटाळवाणा, पण त्यात रोकड नियमित येते, आणि जो फलक भाड्यानं गेला नाही त्यावर स्वतःची जाहिरात फुकट लावता येते. ही दुसरी गोष्ट पुढे फार कामी आली.

१९७०मध्ये त्यांनी अटलांटातलं चॅनेल १७ घेतलं. ते यूएचएफ स्टेशन होतं. अमेरिकेत २ ते १३ क्रमांकाचे चॅनेल व्हीएचएफ, १४च्या पुढचे यूएचएफ. व्हीएचएफचं बटण फिरवलं की खटकन चॅनेल लागायचा. यूएचएफची चकती मात्र रेडिओसारखी हळूहळू फिरवत चित्र शोधावं लागायचं आणि त्यासाठी गोल तारेचा वेगळा अँटेना लागायचा. १९६४पूर्वीच्या बहुतेक संचांत यूएचएफची सोयच नव्हती. तेवढ्याच अंतरावर चित्र पोचवायला प्रक्षेपकाची शक्ती कितीतरी जास्त लागायची, म्हणजे विजेचं बिल जास्त आणि प्रेक्षक कमी. स्टेशन वर्षाला लाखो डॉलर बुडवत होतं. टर्नर यांच्या हिशेबनीसांचाही या खरेदीला विरोध होता.

स्टेशनचं नाव डब्ल्यूटीसीजी झालं. कार्यक्रम काय, तर जुने कृष्णधवल चित्रपट, दुसऱ्या वाहिन्यांवर चालून गेलेल्या विनोदी मालिका, कुस्ती आणि बेसबॉल. चित्रपट दर वेळी भाड्यानं आणण्याऐवजी शक्य तिथे ते हक्कानिशी विकत घ्यायचे; मग दहादा दाखवला तरी खर्च एकदाच. रिकामी होर्डिंग चॅनेल १७च्या जाहिरातींनी भरली. अटलांटा ब्रेव्हज हा बेसबॉल संघ त्यांनी १९७६मध्ये विकत घेतला, पुढच्या वर्षी हॉक्स हा बास्केटबॉल संघही. दोन्ही संघ हरत होते, तरी बेसबॉलच्या एका हंगामात १६२ सामने होतात आणि प्रत्येक सामना दोन-तीन तासांचा. कार्यक्रम विकत घेणाऱ्या स्टेशनसाठी ही तयार मालाची खाणच होती. खेळाडूंच्या पगाराचा ताळेबंद स्वतंत्रपणे पाहिला तर व्यवहार तोट्याचा दिसतो. स्टेशनच्या कार्यक्रमखर्चाशेजारी ठेवून पाहिला की तो पटतो.

आता मुख्य मुद्दा. सप्टेंबर १९७५मध्ये एचबीओनं उपग्रहावरून कार्यक्रम देशभरातल्या केबलवाल्यांना द्यायला सुरुवात केली. टर्नर यांनी ते पाहिलं आणि साधा प्रश्न विचारला: एचबीओ पैसे घेऊन जे देतं, त्याच वाटेनं माझं फुकट स्टेशन का जाऊ नये? १७ डिसेंबर १९७६ रोजी डब्ल्यूटीसीजी सॅटकॉम १ या उपग्रहावर चढलं. विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर हा उपग्रह पृथ्वीबरोबर फिरायचा, त्यामुळे खालून एकाच जागी असायचा. अटलांटाजवळच्या डग्लसव्हिलमधून १० मीटरच्या डिशनं ६ गिगाहर्ट्झवर चित्र वर जायचं, आणि ४ गिगाहर्ट्झवर सगळ्या अमेरिकेवर खाली यायचं. पहिल्या दिवशी चारच केबल कंपन्यांनी ते घेतलं. त्यांतली एक नेब्रास्कातल्या ग्रँड आयलंडची, म्हणजे अटलांटाशी काडीचाही संबंध नसलेली.

इथे तीन गोष्टी जुळून आल्या, आणि एकही नसती तर बेत फसला असता. पहिली डिशची. केबलवाल्याला आधी ९-१० मीटरची डिश सक्तीची होती, आणि छोट्या गावातल्या केबलवाल्याला तो खर्च झेपणारा नव्हता. १९७६च्या अखेरीस सरकारी दळणवळण आयोगानं ४.५ मीटरची डिश चालेल असं ठरवलं आणि किंमत कितीतरी उतरली. दुसरी कॉपीराइटची. १९७६च्या नव्या कायद्यानं केबल कंपन्यांना ठरावीक शुल्क सरकारजमा करून दूरच्या स्टेशनचे कार्यक्रम दाखवायची मुभा दिली. प्रत्येक चित्रपटाच्या मालकाकडे जायची गरज उरली नाही. तिसरी कायदेशीर आडकाठीची. स्टेशनच्या मालकानं स्वतःच उपग्रहावरून सिग्नल वाहून नेणं नियमात बसत नव्हतं. म्हणून टर्नर यांनी सदर्न सॅटेलाइट सिस्टिम्स ही कंपनी काढली आणि ती एड टेलर या गृहस्थांना १ डॉलरला विकून टाकली. टेलर केबलवाल्यांकडून दर जोडणीमागे महिन्याला १० सेंट घ्यायचे. त्यातला एकही सेंट टर्नर यांना मिळत नव्हता.

मग टर्नर यांना काय मिळालं? प्रेक्षक. पण तेही लगेच पैशात उतरले नाहीत. न्यूयॉर्कच्या जाहिरात कंपन्या स्थानिक स्टेशनला स्थानिक भावच देणार. नेब्रास्कातले प्रेक्षक त्यांच्या मोजणीत नव्हते. म्हणून सुरुवातीची काही वर्षं सुऱ्यांचे संच, जुन्या गाण्यांच्या रेकॉर्ड अशा फोनवरून मागवायच्या वस्तूंच्या जाहिराती चालल्या. तिथे मोजणीची गरजच नव्हती. जितके फोन येतील तितका पुरावा, आणि फोन कुठल्या राज्यातून आला हेही कळायचं. देशभराचं मोजमाप सुरू झाल्यावर मोठे जाहिरातदार आले.

१९७९मध्ये नाव डब्ल्यूटीबीएस झालं. ही अक्षरं आधी एमआयटीच्या विद्यार्थ्यांच्या रेडिओ स्टेशनकडे होती. त्यांना नवा प्रक्षेपक घ्यायला पैसे हवे होते, टर्नर यांनी ५०,००० डॉलर दिले आणि अक्षरं मोकळी झाली. १९८१पासून कार्यक्रम पूर्ण तासाला सुरू न होता ५ मिनिटं उशिरा, म्हणजे ८:०५, ८:३५ असे लागू लागले. कारण व्यवहारी होतं. छापील वेळापत्रकात ८च्या खाली दहा वाहिन्यांच्या गर्दीत नाव हरवतं. ८:०५ला स्वतंत्र ओळ मिळते. शिवाय दुसरीकडचा कार्यक्रम संपवून, चॅनेल बदलत आलेल्याला इथली सुरुवात सापडते, आणि इथून सुटणाऱ्याला तिथली सुरुवात हुकलेली असते.

सीएनएन आली ती हे सगळं पाठीशी घेऊन. २४ तासांच्या बातम्यांचा खर्च भागवायला जाहिरात पुरणार नाही हे उघड होतं, म्हणून केबलवाल्यांकडून दर जोडणीमागे महिन्याला २० सेंट आणि जे डब्ल्यूटीबीएसही दाखवतील त्यांना १५, असा भाव लावला. उत्पन्नाचे दोन नळ: जाहिरात मंदावली तरी हप्ता येत राहतो. आजच्या प्रत्येक सशुल्क वाहिनीचं गणित हेच आहे. फरक वसुलीचा. भारतात नव्वदच्या दशकात हेच गणित आलं तेव्हा गल्लीतला केबलवाला घरं शंभर असली तर वीस दाखवायचा आणि वाहिनीला खरी संख्या कळायचीच नाही. मुंबईत ऑक्टोबर २०१२च्या अखेरीस सेट-टॉप बॉक्स सक्तीचा झाल्यावर तो आकडा उघड होऊ लागला.

अडचण पैशाआधी आकाशातून आली. सीएनएनसाठी जागा राखली होती सॅटकॉम ३ या नव्या उपग्रहावर. डिसेंबर १९७९मध्ये तो सोडला आणि चौथ्या दिवशी संपर्क तुटला. तो कायमचा गेला. जुन्या उपग्रहावर जागा द्यायला उपग्रहांची मालक कंपनी तयार नव्हती. टर्नर अटलांटाच्या न्यायालयात गेले आणि सॅटकॉम १वर तात्पुरती जागा मिळवली. भांडवलासाठी शार्लटमधलं आपलं दुसरं स्टेशन २ कोटी डॉलरना विकलं. १ जून १९८० रोजी डेव्हिड वॉकर आणि लोइस हार्ट या पती-पत्नीनं पहिलं बातमीपत्र वाचलं, ते टेकवूड ड्राइव्हवरच्या एका जुन्या क्लबच्या इमारतीतून. त्या दिवशी वाहिनी सुमारे १७ लाख घरांत होती. हिशेब जुळायला लागणाऱ्या घरांपेक्षा ही संख्या खूपच कमी, त्यामुळे दर महिन्याचा तोटा डब्ल्यूटीबीएसच्या नफ्यातून भरला जायचा.

दोन वर्षांत एबीसी आणि वेस्टिंगहाउस या दोन मोठ्या प्रसारण कंपन्यांनी मिळून सॅटेलाइट न्यूज चॅनेल काढला, आणि केबलवाल्याला तो फुकट दिला. टर्नर यांनी तो बाजारात उतरायच्या आधीच, १९८२च्या पहिल्या दिवशी, दर अर्ध्या तासाला ठळक बातम्या देणारी दुसरी वाहिनी सुरू केली. ऑक्टोबर १९८३मध्ये प्रतिस्पर्धी अडीच कोटी डॉलरना विकत घेऊन बंद केला. त्या वेळच्या सीएनएनला हे पैसे परवडणारे नव्हते, पण न देणं त्याहून महाग पडलं असतं.

१७ जानेवारी १९९१च्या पहाटे बगदादवर बॉम्ब पडू लागले तेव्हा अल-रशीद हॉटेलातून बर्नार्ड शॉ, जॉन हॉलिमन आणि पीटर आर्नेट बोलत राहिले आणि बाकीच्या वाहिन्यांचे फोन तुटले. याला नशीब म्हणणं अन्यायाचं आहे. सीएनएननं शेजारच्या जॉर्डनमधल्या अम्मानपर्यंत चार तारांची कायमची लाइन भाड्यानं घेतली होती आणि इराकी अधिकाऱ्यांकडून तिची परवानगी महिनोन्‌महिने पाठपुरावा करून मिळवली होती. ती शहराच्या टेलिफोन एक्स्चेंजमधून जात नव्हती, म्हणून एक्स्चेंज पडल्यावरही चालू राहिली. याच आखाती युद्धानं मुंबईतल्या हॉटेलांच्या आणि केबलवाल्यांच्या गच्च्यांवर मोठ्या डिश आणल्या. इमारतीत व्हिडिओवरून सिनेमे दाखवणाऱ्या केबलवाल्याला उपग्रहाची चटक लागली ती तेव्हा.

कंपनीवरची सत्ता टर्नर यांच्या हातातून गेली ती कशामुळे, तर कर्जामुळे. १९८६मध्ये टर्नर यांनी सुमारे दीड अब्ज डॉलरना एमजीएम ही हॉलिवूडची चित्रपट कंपनी घेतली. व्याज झेपेना, तेव्हा काही महिन्यांतच स्टुडिओ, जमीन वगैरे परत विकलं आणि फक्त साडेतीन हजारांहून अधिक चित्रपटांचा संग्रह ठेवला. लोक हसले. पण टीएनटी आणि जुन्या चित्रपटांची टीसीएम या दोन वाहिन्या त्याच संग्रहावर उभ्या राहिल्या. १९९१मध्ये हॅना-बार्बेरा ही कार्टून बनवणारी कंपनी घेऊन पुढच्या वर्षी कार्टून नेटवर्क काढलं, तेही त्याच पद्धतीनं: आधी साठा, मग वाहिनी. किंमत मात्र १९८७मध्ये मोजावी लागली. केबल कंपन्यांच्या गटानं ५० कोटींहून अधिक डॉलर घालून कंपनी वाचवली आणि बदल्यात एक तृतीयांशाहून जास्त हिस्सा, संचालक मंडळात जागा आणि मोठ्या खर्चावर नकाराधिकार घेतला. त्यानंतर मोठी उडी त्यांना एकट्याच्या मर्जीनं मारता आली नाही. १९९६मध्ये कंपनी टाइम वॉर्नर या माध्यमसमूहात गेली, २००१मध्ये तिथे एओएल ही इंटरनेट कंपनी येऊन बसली, शेअर कोसळले आणि टर्नर यांचे अब्जावधी डॉलर गेले. १९९७मध्ये त्यांनी संयुक्त राष्ट्रांच्या कामासाठी १ अब्ज डॉलर जाहीर केले होते. दहा वर्षांत द्यायचे ठरलेले ते पैसे लांबले, तरी त्यांनी पूर्ण दिले. माझ्या मते त्यांच्या सगळ्या व्यवहारांत हा सर्वांत मोठा आहे.

पाहुण्यांना घेऊन हिंडायचं असेल तर डाउनटाउनमध्ये टेड टर्नर ड्राइव्ह आहे. जवळच लकी स्ट्रीटवर त्यांचं टेड्स मोंटाना ग्रिल. तिथे त्यांच्या रँचमुळे प्रसिद्ध झालेल्या बायसन या गव्यासारख्या प्राण्याचं मांस मिळतं, तेव्हा घरच्यांना आधी सांगून ठेवा. आणि घरच्या टीव्हीला साधा अँटेना लावून १७ क्रमांक लावून पाहा. डब्ल्यूटीबीएसचं देशभर दिसणारं रूप, म्हणजे टीबीएस ही वाहिनी, ऑक्टोबर २००७मध्ये त्यापासून वेगळी झाली, आणि ते स्टेशन पीचट्री टीव्ही या नावानं पुन्हा फक्त अटलांटाचं झालं.