चार पावलं म्हणजे एक स्ट्राइड: तळेगावला शो जम्पिंग बघताना

शिवाजीनगरहून सकाळची लोणावळा लोकल धरली की तासाभरात तळेगाव. तिथून रिक्षा केली की मैदान. ज्युनिअर गटांची शो जम्पिंग, म्हणजे घोड्यावर बसून अडथळ्यांवरून उड्या घेण्याची स्पर्धा, बघायला यायचं तर पहिला घोडा सुटण्याच्या पाऊण तास आधी पोचाच. त्या वेळी स्वार मुलं पायीच मैदानात उतरून अडथळ्यांमधली अंतरं मोजत असतात. याला कोर्स वॉक म्हणतात, आणि पुढे काय होणार ते निम्मं इथेच ठरतं.

कठड्याजवळ तेरा-चौदा वर्षांची एक मुलगी व्हर्टिकलला, म्हणजे एकावर एक पोल (आडवे दांडे) लावलेल्या सरळ उभ्या अडथळ्याला, पाठ लावून उभी राहिली आणि मोजत निघाली. पाऊल साधारण 90 सेंटिमीटरचं. तशी चार पावलं म्हणजे कॅंटरमधल्या (मध्यम दौडीतल्या) घोड्याची एक स्ट्राइड, म्हणजे एक झेप, जवळजवळ 3.6 मीटर. पहिली दोन पावलं घोडा उतरायला सोडायची, शेवटची दोन उडी उचलायला. मधे 24 पावलं भरली तर पाच स्ट्राइड नेमक्या बसतात. तिची 26 भरली. म्हणजे साडेपाच, आणि अर्धी स्ट्राइड कुठला घोडा घेणार?

"सर, पाच की सहा?"

"तुझा घोडा रेसवरून आलाय बेटा. पाचात पोचेल, पण ऑक्सरवर सपाट जाईल. आखडून सहा घे."

ऑक्सर म्हणजे एकामागे एक दोन पोल लावलेला रुंद अडथळा. सरांचं उत्तर पुण्याच्या घोड्यांना तंतोतंत लागू आहे. कॅम्पात रेसकोर्स असल्यामुळे शर्यत सोडलेले थरोब्रेड (शर्यतीच्या जातीचे घोडे) इथे या खेळात बरेच दिसतात. काटक, चपळ, मन लावून काम करणारे. पण पळताना अंग लांबवायची सवय जात नाही. लांबलेला घोडा पाठीची कमान करत नाही आणि ऑक्सरचा मागचा पोल पाडतो. उलट व्हर्टिकलच्या फार पोटात शिरला तर पुढचे पाय आवळायला जागा उरत नाही आणि पोल पुढच्या पायांनी जातो. पोल कुठल्या पायाने पडला तेवढं बघा, चूक कुठे झाली ते कळतं. पोल ज्या कपात टेकतो तो जेमतेम बोटभर खोल, म्हणून नुसता खूर घासला तरी पोल पडू शकतो, आणि पडला की चार फॉल्ट, म्हणजे दंडाचे गुण. पोलऐवजी फळ्या असलेल्या अडथळ्याचे कप त्याहून सपाट. तिथे तर वाऱ्यानेही धाकधूक होते.

त्या दिवशीची फेरी दोन टप्प्यांची होती. पहिल्या टप्प्यात सातआठ अडथळे. ते क्लिअर, म्हणजे एकही फॉल्ट न होता, गेले तर घोडा न थांबवता तसाच दुसऱ्या टप्प्यात घुसायचं. पहिल्याची फिनिश लाइन हीच दुसऱ्याची स्टार्ट लाइन. पोल पडला असेल तर तिथेच घंटा होते आणि फेरी संपते. दुसऱ्या टप्प्यात अडथळे कमी, पण क्रम ठरतो तो फॉल्ट आणि वेळ यांवर. घोडा अडला की चार फॉल्ट, स्वार पडला की बाद.

तिचा नंबर आला. घंटेनंतर 45 सेकंदांत स्टार्ट लाइन ओलांडली नाही तर घड्याळ आपोआप सुरू होतं. पोरीने घाई न करता त्यातली बरीचशी वापरली, एक मोठं वर्तुळ घेऊन कॅंटर जमवला. 26 पावलांच्या त्या ओळीत सहा स्ट्राइड, स्वच्छ मोजून. खांदे मागे, हात सैल, नजर पुढच्या वळणावर. पहिला टप्पा क्लिअर. दुसऱ्यात तिने वळण आतून कापलं. एक-दोन सेकंद वाचले खरे, पण घोडा सरळ व्हायच्या आत शेवटचा व्हर्टिकल समोर आला. उडी चांगली उचलली. मात्र घोडा अजून पोलवर असतानाच ती खोगिरात बसली, पाठ दबली आणि मागचा खूर टेकला. पोल आधी कपात डुलला, मग पडला. शेवटच्या अडथळ्याला असे पोल फार जातात, कारण स्वाराचं मन फिनिश लाइनवर आधीच पोचलेलं असतं.

वेळ मिळाला की प्रॅक्टिस अरीनाच्या कडेलाही थांबा. लाल झेंडा उजवीकडे, पांढरा डावीकडे ठेवूनच उडी घ्यायची, उलटी कुणी घेत नाही. तिथे सरांचं काम पोल चढवण्याउतरवण्याचं, आणि मुलांना "पुरे" म्हणण्याचं. जास्त उड्या मारून दमवलेला घोडा मैदानात पाय उचलत नाही.

प्रेक्षकांसाठी: टोपी आणा, छत्री कठड्याजवळ उघडू नका, फ्लॅश बंद ठेवा. टाळ्या फिनिश लाइननंतर.

आडोशाला सईसाने (घोडा सांभाळणाऱ्याने) खोगिराचा तंग ढिला केला, पायांवरचे बूट सोडले आणि घोड्याला चालवत नेलं. चॅम्पियनशिपमध्ये बऱ्याचदा आदल्या दिवसाचे फॉल्ट पुढे चालतात, म्हणून घोडा दुसऱ्या दिवशीही धड हवा. मुलगी घोड्यापाशी गेली, त्याच्या मागच्या पायांवरून हात फिरवून कुठे ऊब लागते का ते पाहिलं, आणि मग पाण्याची बादली उचलली.