बसतंय, खरं निघतंय काय?

फोन बहुतेक रात्री नऊनंतर येतो. कधी निपाणीचा लग्नाच्या व्हिडिओंचं मिक्सिंग करणारा पोरगा, कधी खानापूरचा आर्किटेक्चरचा विद्यार्थी, कधी चिकोडीचा कुणीतरी, जो सुरुवात कन्नडमध्ये करतो आणि दुसऱ्या वाक्याला मराठीवर येतो. प्रश्न ठरलेला. "दादा, दोन ग्राफिक कार्डं आणि तो मोठा कूलर, एकाच कॅबिनेटात बसवलाय म्हणे तुम्ही. आमच्यात बसंल काय?"

पूर्वी मी "बसतंय की, न बसायला काय झालं" म्हणून मोकळा व्हायचो. माझ्या त्या एका वाक्यावर विसंबून एकदोघांनी माल मागवला आणि मग कॅबिनेटच्या बाजूची काच बंद होईना म्हणून परत फोन केले. तेव्हा तुम्ही विचारलंत म्हणून, आणि त्या एकदोघांचं देणं म्हणूनही, यावेळी सगळं सांगतो.

माझं मशीन आधी. बेळगावात टिळकवाडीला घराच्या पुढच्या खोलीत थ्रीडीचं काम चालतं. उद्यमबागेतल्या कारखान्यांना कॅटलॉगसाठी हायड्रॉलिक सिलिंडर, पंप, कास्टिंगची चित्रं लागतात, इंटिरियरवाल्यांना गिऱ्हाइकाला दाखवायला स्वयंपाकघरं लागतात, आणि गणपतीच्या आधी दोन महिने मंडळांचे देखावे. सगळं ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये. प्रोसेसर १६ कोअरचा रायझन ९ ५९५०एक्स. याच्या डब्यात त्याला थंड ठेवणारा कूलर येत नाही, आपला आपण बघायचा. कार्डं दोन, दोन्ही आरटीएक्स ३०६०, १२-१२ जीबीची. मोठं एकच का नाही घेतलं? कारण २०२१ साली क्रिप्टोचलन काढणाऱ्यांनी कार्डांचा बाजार धुऊन नेला होता आणि मोठ्या कार्डाचा भाव ऐकून दुकानाच्या पायरीवरूनच परत फिरायची वेळ होती. तेव्हा एक घेतलं, काम वाढल्यावर दुसरं. आणि हो, १२ अधिक १२ म्हणजे २४ होत नाहीत. प्रत्येक कार्डाला अख्खा सीन आपापल्या मेमरीत घ्यावा लागतो. मंडळाच्या देखाव्यात झुंबरं वाढवत नेली की दोन्ही कार्डं एकदमच अडखळतात. वेग मात्र जवळजवळ दुप्पट मिळतो, आणि मला तोच हवा होता.

आता आप्पा. माझे वडील उद्यमबागेत फिटर होते. मशीन पहिल्यांदा जोडून झालं त्या संध्याकाळी मी कौतुकानं त्यांना खोलीत बोलावलं. त्यांनी चष्मा वर केला, कॅबिनेटात वाकून बघितलं, आणि दिव्यांबद्दल, वेगाबद्दल काही न विचारता म्हणाले, "बसीवलंयस. खरं उद्या काढायचं झालं तर पाना कुठनं घालशील?"

(बाहेरच्यांसाठी: आमच्याकडं 'खरं' म्हणजे 'पण'. पुण्याची माणसं इथं हमखास गोंधळतात.)

त्यांच्या कारखान्यात नवा इंजिनिअर आला की त्याच्या ड्रॉइंगवर फिटर लोक आधी हेच बघायचे. कागदावर बोल्ट झकास बसलेला असतो. पण त्याच्या डोक्याभोवती पाना फिरायला जागा नसते. मग तो फिक्स्चर (काम पकडून ठेवायचा साचा) एकदा जोडला की कापूनच काढायचा. मला त्या दिवशी आप्पांचा थोडा रागच आला होता.

पहिली अडचण उंचीची. मोठा कूलर म्हणजे अॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांचे दोन मनोरे, त्यांतून गेलेल्या तांब्याच्या नळ्या आणि दोन पंखे. या जातीतला नावाजलेला म्हणजे ऑस्ट्रियाच्या नॉक्टुआचा २०१४ सालचा एनएच-डी१५. उंची १६५ मिलिमीटर, पंख्यांसकट वजन १३२० ग्रॅम. माझा दुसऱ्या कंपनीचा आहे, पण अंगानं तेवढाच. कॅबिनेटच्या खोक्यावर लिहिलेलं, कूलर १७० मिलिमीटरपर्यंत. पाच मिलिमीटर शिल्लक, म्हणून मी निर्धास्त.

आणि काच बंद होईना.

कारण रॅम. पुढचा पंखा रॅमच्या डोक्यावर येतो आणि त्याच्याखाली ३२ मिलिमीटरच जागा असते. साधी, उघडी रॅमची पट्टी तेवढ्यात मावते. मी घेतली होती दिखाऊ, वर शिंगांसारखी पत्र्याची टोपी असलेली, ४४ मिलिमीटर उंच. पंखा १२ मिलिमीटर वर सरकवला की १६५ चे १७७ झाले. खोक्यावरचा आकडा खरा होता, कूलरचाही खरा होता, खोटी ठरली ती माझी बेरीज. टोपीवाली रॅम विकून साधी घेतली तेव्हा काच लागली. रॅमच्या त्या टोप्यांचा थंडाव्याशी संबंध थोडा आणि काचेतून बघणाऱ्याशी जास्त, असं माझं स्पष्ट मत आहे. ज्याला पटत नाही त्याने ठेवावी, पण व्हर्नियर पट्टीनं उंची मोजून ठेवावी.

दुसरी अडचण जाडीची, आणि इथं दुकानदाराची भाषा फसवते. एटीएक्स या ठरलेल्या मापाच्या मदरबोर्डवर कार्डांच्या खाचा (स्लॉट) २०.३२ मिलिमीटर अंतरावर असतात, म्हणजे ०.८ इंच. हे माप १९९५ साली इंटेलनं एटीएक्स आणलं त्याच्याही आधीपासूनचं. 'टू स्लॉट' कार्ड म्हणजे साधारण ४० मिलिमीटर जाड. पण कंपन्या पंख्याचं कवच फुगवतात. मागची पट्टी दोन खाचांची आणि अंग अडीच खाचांचं अशी कितीतरी कार्डं आहेत. अर्धी खाच असा काही प्रकार बोर्डाला ठाऊक नसतो, अडीच म्हणजे त्याच्या लेखी तीनच. बोर्डच्या दोन मोठ्या खाचांत तीन घरांचं अंतर असेल तर वरचं कार्ड खरोखर दोन खाचांचं हवं, म्हणजे त्याच्या पंख्यांना श्वास घ्यायला २० मिलिमीटर उरतात. अडीचचं घेतलंत तर खालच्या कार्डाची पाठ थेट वरच्याच्या नाकाशी. माझ्याकडं २० मिलिमीटर असूनही वरचं कार्ड खालच्यापेक्षा नऊ-दहा अंशांनी गरम चालतं. बसमध्ये मधल्या सीटवर बसलेल्या माणसासारखी त्याची अवस्था.

लांबीचं फारसं सांगायला नको. कॅबिनेटच्या आतल्या लांबीतून पुढच्या पंख्याचे २५ मिलिमीटर वजा करा, झालं. खालच्या कार्डाच्या बुडाशी मात्र बोर्डच्या कडेला समोरच्या यूएसबीच्या आणि पॉवर बटणाच्या पिना असतात. त्यांच्या वायरी कार्डाच्या आधी लावायच्या. नंतर लावू म्हणालात की कार्ड पुन्हा बाहेर.

आणि कार्ड बाहेर काढणं, हेच तर आप्पा विचारत होते.

सहा-सात महिन्यांनी एसएसडी बदलायची वेळ आली. ती नेमकी वरच्या कार्डाखाली. मागचे दोन स्क्रू काढले, आठ पिनांची केबल काढली, कार्ड उचलायला गेलो तर हलेना. खाचेच्या आतल्या टोकाला प्लास्टिकची एक बारीक जीभ असते, ती दाबल्याशिवाय कार्ड सुटत नाही. बसवताना ती आपोआप 'टक' करून बसलेली, त्यामुळे ती आहे हेच मी विसरलो होतो. आता तिच्या वर कूलरचा मनोरा आणि बाजूला कार्डाची पाठ. मधे फट पेनभर. माझं बोट जात नव्हतं. जबरदस्तीनं घातलं तर कूलरच्या पत्र्यानं नखाच्या मुळाशी कापलं. ते पत्रे ब्लेडपेक्षा थोडेच बरे. मग मी लोखंडी स्क्रूड्रायव्हर घातला. तो जिभेवरून निसटला आणि बोर्डवर चर्रकन ओरखडा उमटला.

वरचं वॉर्निशच गेलं होतं, आतल्या तांब्याच्या रेघा शाबूत होत्या. पण तो दीड मिनिट, टॉर्च दातांत धरून ओरखडा बघत होतो तो, अजून आठवतो. आवाज ऐकून आई आली. "काय करालायस?" म्हणाली. सांगितलं. तिनं स्वेटर विणायची प्लास्टिकची सुई आणून दिली. सुई त्या फटीत सरळ गेली, जीभ दबली, कार्ड सुटलं. ती सुई तेव्हापासून कॅबिनेटच्या मागं दोऱ्यानं बांधलेली आहे. जोडीतली दुसरी एकटी पडली म्हणून आईनं महिनाभर ऐकवलं.

नॉक्टुआनंच पुढं डी१५एस म्हणून जो कूलर काढला तो मुद्दाम एका अंगाला सरकवलेला आहे, पहिली खाच मोकळी राहावी म्हणून, आणि उंचीलाही १६० मिलिमीटर. म्हणजे आमच्या आप्पांच्या जातीचं कुणीतरी तिथंही असणार.

आता दुसरा प्रसंग, आणि यात चूक शंभर टक्के माझी. थंडीतली सकाळ. प्रोसेसर आणि कूलरच्या मधली, उष्णता पुढं नेणारी पेस्ट बदलायची म्हणून कूलरचे स्क्रू सोडले आणि सरळ वर ओढला. माझ्या बोर्डवर प्रोसेसर बसायची जागा, म्हणजे सॉकेट, एएम४ जातीचं. त्यात पिना प्रोसेसरच्या पोटाला असतात आणि वरून दाबून धरणारी पट्टी नसते. गार पेस्ट डिंकासारखी धरून बसलेली. कूलर हातात आला आणि त्याच्या तळाला प्रोसेसर चिकटलेला, सॉकेटाची कडी अजून बंदच. १३३१ पिना असतात त्या, सोन्याचा मुलामा दिलेल्या, अगदी बारीक. कोपऱ्यातल्या चार वाकल्या होत्या.

शहापूरला घड्याळं दुरुस्त करणारे एक काका आहेत, त्यांच्याकडं गेलो. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं आणि म्हणाले, "हे घड्याळ न्हवं." म्हटलं, काका, ठाऊक आहे. वीसेक मिनिटं ते चिमट्यानं एकेक पिन उभी करत होते, आणि मी तेवढा वेळ समोरच्या भिंतीवरची घड्याळं मोजत होतो. दोन वेगवेगळी वेळ दाखवत होती. चार पिना उभ्या राहिल्या, प्रोसेसर सॉकेटात आपल्या वजनानं बसला. आता कूलर काढायचा असेल तर आधी दहा मिनिटं रेंडर (सीनचं पक्कं चित्र काढायचं काम) लावून मशीन तापवतो, बंद करून वायर काढतो, मग कूलर डावी-उजवीकडं हलका पिळतो, आणि तो सैल झाला की मगच उचलतो. २०२२ च्या एएम५ या नव्या सॉकेटापासून पिना सॉकेटात गेल्या आणि वर लोखंडी पट्टी आली, म्हणजे हा धोका टळला. पेस्ट किती लावायची तेही विचारतात. मटाराच्या दाण्याएवढी, मधोमध. भाकरीला लोणी लावल्यासारखी थापू नका.

एसएमपीएसचं, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्याचं, थोडक्यात: कार्डं १७० वॅटची प्रत्येकी, प्रोसेसर जोर लावला की १४० च्या आसपास, म्हणजे हे तिघंच ४८० खातात. मी ८५० चा घेतला. पावसाळ्यात आमच्याकडं वीज डोळे मिचकावते, तेव्हा ६०० व्हीएचा छोटा यूपीएस लावून रेंडरला बसू नका. त्याची झेप साधारण ३६० वॅटची. हल्लीच्या मोठ्या कार्डांना १६ पिनांची केबल असते, ती कनेक्टरपासून ३५ मिलिमीटर तरी सरळ ठेवावी असं सांगतात. कार्डाच्या रुंदीत ते ३५ मिळवा आणि मग काचेचं अंतर मोजा. हीसुद्धा माझ्यासारखीच बेरीज चुकणाऱ्यांची जागा.

खेड्यातनं मशीन दाखवायला आणणारे मोटारसायकलवर मागं बसून, मांडीवर उभं धरून आणतात. खड्ड्यात आदळलं की सव्वा-दीड किलोचा कूलर उभ्या बोर्डला लोंबकळत हिसके देतो, आणि कार्डं खाचेतून मान मोडल्यासारखी झुकतात. कार्डं काढून वेगळी आणा, सुई आहेच. कॅबिनेट आडवं ठेवा, कूलर आकाशाकडं तोंड करून. शक्य असेल तर कुणाची तरी कार मागा.

तर तुमच्यात बसेल काय? आकडे मला पाठवू नका. पुठ्ठ्याचं खोकं घ्या, कार्डाच्या लांबी-रुंदी-जाडीचा डबा कापून चिकटवा, कूलरचाही करा. दोन्ही मोकळ्या बोर्डवर ठेवा. रॅम लावा. काच लावून बघा. मग प्रत्येक जागी बोट घाला जिथं उद्या घालावं लागेल: कार्डाची जीभ, प्रोसेसरची केबल, रॅमची कडी, पंख्याची तार. जिथं बोट जात नाही ते काम आधी उरकायचं, म्हणजे जोडायचा क्रमही तिथंच ठरतो. मला वाटलं होतं पोरं हे ऐकून कंटाळतील.

गेल्या आठवड्यात निपाणीच्या त्या मुलानं फोटो पाठवला. कॅबिनेटात बिस्किटाच्या खोक्याचं कार्ड, त्याच्यावर दुसऱ्याच कुठल्या तरी खोक्याचा कूलर, आणि मधल्या फटीत त्याचं अर्धं अडकलेलं बोट. खाली लिहिलेलं: "बोट जाईना दादा. घरात सुई बघालोय."