शाळेपर्यंतची वाट

इंदूर, रविवार रात्र

चंदीगडहून परतल्यापासून तिथल्या सेक्टर २२ मधली एक सरकारी शाळा माझ्या मनातून जात नाही. भाचीची मुलगी तिथे शिकते. तिला पोहोचवायला मी निघालो, तेव्हा ती हात सोडून पुढे पळाली आणि मी सवयीने ओरडलो. "मामाआजोबा, इथे गाड्या येत नाहीत," असे तिने मला शांतपणे सांगितले.

गाड्या येत नाहीत, कारण शहर आखतानाच तसे ठरले होते. चंदीगडचे वास्तुकार ल कॉर्बुझिए यांनी साधारण ८०० बाय १२०० मीटरचे सेक्टर कल्पिले आणि रस्त्यांच्या सात श्रेणी ठरवल्या: वेगाची वाहने सेक्टरच्या बाहेरून जावीत, बाजाराचा रस्ता मधून आडवा जावा, आणि सातव्या श्रेणीची पायवाट सेक्टरमधल्या लांबलचक हिरव्या पट्ट्यातून जावी. शाळा आणि मैदाने याच पट्ट्यात ठेवली गेली, त्यामुळे आपल्याच सेक्टरात शिकणाऱ्या मुलाला हमरस्ता ओलांडावाच लागत नाही. पसंतीच्या शाळेसाठी मुलांना दुसऱ्या सेक्टरात गाडीने पाठवणारे पालक आता तिथेही आहेत. तरी ज्याला चालायचे आहे, त्याच्यासाठी वाट शिल्लक आहे.

इमारत साधी आहे. गिलावा न केलेल्या विटा, खिडक्यांवर ऊन अडवणाऱ्या खोल चौकटी आणि वर्गांना लागून व्हरांडा. दप्तरे भिंतीशी टेकवून मुले तिथे सावलीत बसली होती. ल कॉर्बुझिए यांचे सहकारी वास्तुकार मॅक्सवेल फ्राय, जेन ड्रू आणि १९६५ पर्यंत चंदीगडमध्येच राहिलेले पिएर जानरे यांनी घरांइतकेच मन लावून तिथल्या शाळांचे आराखडे केले. जानरे यांच्या सागवानी खुर्च्या परदेशी लिलावांत मोठ्या किमतीला जातात, याची चर्चा फार होते. मला मात्र त्या खुर्च्यांपेक्षा ही पायवाट कितीतरी मोलाची वाटते.

आपल्या इंदुरात वास्तुकार बाळकृष्ण दोशी यांनी अरण्य वसाहत आखली, आणि ते तर पॅरिसला ल कॉर्बुझिए यांच्याच कार्यालयात काम केलेले. म्हणजे हा विचार आपल्याला परका नाही. तरीही आमची शाळा सुटताना फाटकासमोर व्हॅन, रिक्षा आणि दुचाक्यांच्या गर्दीतून पहिलीची मुले अंग चोरून वाट काढतात, आणि ते पाहताना रोज माझा जीव खालीवर होतो.

शाळेच्या मागची गल्ली थेट वसाहतीत उतरते, पण त्या बाजूचे फाटक कायम कुलूपबंद असते. ते शाळा भरताना आणि सुटताना उघडावे, असा अर्ज बुधवारच्या पालक-शिक्षक सभेसाठी आज लिहून ठेवला. तिथे उभे राहायला माणूस नाही, ही अडचण नक्की पुढे येईल. म्हणून पहिला महिना मी स्वतः उभा राहीन, हेही त्यातच लिहिले आहे.