तुम्ही विचारलंत म्हणून : बटणं दाबून मुलं काय शिकतात?

"दोन मिनिटं बटणं दाबतात, दांडा फिरवतात आणि पुढे पळतात. यात मुलं खरंच काही शिकतात का? आणि शिकली तर तुम्हाला ते कळतं कसं?"

म्युझियममध्ये येणारी कुटुंबं कशी शिकतात याचा मी अभ्यास करते, असं सांगितलं की हा प्रश्न हमखास येतो. विचारणारे बहुतेकदा आईबाबाच असतात आणि प्रश्नामागे काळजी असते. सुट्टीचा दिवस घालवून मुलांना आणलं, त्याचं काही चीज होतं का?

होतं. पण मुलाच्या डोक्यात काय साठलं एवढंच शोधायला गेलं तर हाती फार थोडं लागतं. सुरुवातीला मी तेच करायचे. बाहेरच्या दाराशी प्रश्नांचा कागद घेऊन उभी राहायचे. आत अखंड बडबडणारं मूल कागद बघताच गप्प व्हायचं, आईच्या तोंडाकडे बघायचं आणि आई हळूच उत्तर पुरवायची. मी त्यांची परीक्षा घेत होते. शेवटी कागद बाजूला ठेवला आणि आत जाऊन ही माणसं एकमेकांशी काय बोलतात ते ऐकायला लागले.

एका मांडणीत दोन कवट्या शेजारी शेजारी होत्या, हात लावता येईल अशा. एक गवत खाणाऱ्या प्राण्याची, एक शिकारी प्राण्याची. बाजूच्या फलकावर दातांबद्दल चार ओळी. पाचेक वर्षांच्या एका मुलाने सुळे बघितले, मोठ्ठा 'आ' केला आणि निघाला. आई फलक वाचत होती. मान वर न करताच म्हणाली, "थांब, तुझ्या दाढांवरून जीभ फिरव बरं." त्याने फिरवली. "कशी लागते?" "खडबडीत." मग तो मागे वळला, गवत खाणाऱ्याच्या दाढेवर बोट ठेवून म्हणाला, "ही पण खडबडीत. हा चावून चावून खातो." "आणि तो?" "तो फाडतो."

सगळं मिळून अर्धा मिनिटसुद्धा लागला नाही. फलकावरच्या चार ओळी आईच्या तोंडून मुलाच्या जिभेपर्यंत पोचल्या, तिथून कवटीपर्यंत. मुलाने फलकाकडे पाहिलंही नव्हतं. पॉलेट मॅकमॅनस यांनी लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये माणसांची बोलणी ऐकून 1989 मध्ये हेच दाखवलं होतं. फलक कुणी वाचत नाही असं वाटतं, पण त्यावरचे शब्द गप्पांमध्ये उमटतात.

त्याआधी कितीतरी वर्षं अभ्यासकांचा भर शरीराच्या हालचालींवर आणि घड्याळावर होता. बेंजामिन आइव्ह्ज गिलमन यांनी 1916 मध्ये कपाटांसमोर वाकणाऱ्या, मान तिरकी करणाऱ्या माणसाचे फोटो छापून म्युझियममधला थकवा कशामुळे येतो ते मांडलं. पुढे एडवर्ड रॉबिन्सन आणि आर्थर मेल्टन यांनी कोण कुठे थांबतं, किती वेळ, कुठल्या बाजूला वळतं याच्या काटेकोर नोंदी केल्या. ते काम मला आजही उपयोगी पडतं. पण त्या नोंदवहीत माझी कवट्यांची गोष्ट 'थांबले, अर्धा मिनिट' एवढीच उरली असती.

तर कळतं असं. परवानगी घेऊन आम्ही संवाद रेकॉर्ड करतो आणि शब्दन् शब्द उतरवून काढतो. मग दोघं जण एकमेकांचं न बघता प्रत्येक वाक्यावर खूण करतात: हे नुसतं वर्णन, ही तुलना, हे कारण, हा जुन्या अनुभवाशी जोडलेला धागा. दोघांच्या खुणा पुरेशा जुळल्या तरच पुढे जायचं. काम कंटाळवाणं आहे, पण कानावरून निसटलेलं त्यातच सापडतं.

मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करणारी गोष्ट अशाच नोंदींमधून पुढे आली. केव्हिन क्राउली, मॉरीन कॅलनन आणि सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियातल्या एका मुलांच्या म्युझियममध्ये केलेला अभ्यास 2001 मध्ये प्रसिद्ध झाला. मांडण्यांमध्ये मुलगे आणि मुली सारखेच रमत होते. त्या मांडण्या कशा वापरायच्या, त्यांत काय बघायचं, हेही आईबाबा दोघांना सारखंच सांगत होते. पण 'हे असं का होतं' हे समजावणं मुलग्यांच्या वाट्याला मुलींच्या जवळजवळ तिप्पट येत होतं. आणि हे तीन वर्षांच्या आतल्या मुलांमध्येही दिसलं. कुठल्याही आईबाबांनी ठरवून केलेलं नसणार. हे वाचल्यावर मी माझी जुनी रेकॉर्डिंग पुन्हा ऐकली. एकाच चाकासमोर बाबा मुलीला म्हणतात, "बघ, किती छान फिरतंय!" आणि भावाला, "ते फिरतंय ना, कारण..." पहिल्यांदा ऐकताना मला ते खटकलंच नव्हतं. तेव्हापासून तुम्ही विचारा किंवा न विचारा, हे मी प्रत्येक आईबाबांना सांगते.

सगळा भार आईबाबांवर टाकणं मात्र अन्यायाचं आहे. फिलाडेल्फिया परिसरातल्या चार संस्थांनी नव्वदच्या दशकात मिंडा बोरन यांच्या पुढाकाराने मांडण्यांमध्येच बदल करून पाहिले: चारी बाजूंनी उभं राहता येईल, एकापेक्षा जास्त हात पोचतील, लहान आणि मोठे दोघांनाही जमेल, मजकूर सहज वाचता येईल. कुटुंबांचं शिकणं वाढलेलं दिसलं. एकालाच डोकावता येईल अशी खिडकी केली की मागच्यांनी नुसतं "झालं का?" विचारायचं, दुसरं बोलणार काय?

सॅन फ्रान्सिस्कोच्या एक्सप्लोरेटोरियम या विज्ञानाच्या म्युझियममधल्या जॉश गुटविल आणि सू ॲलन यांच्या प्रयोगात कुटुंबांना एक साधा खेळ शिकवला होता. आधी हवं तसं खेळा, मग थांबा, प्रत्येकाने एक प्रश्न सुचवा, त्यातला कुणालाच उत्तर माहीत नसलेला निवडा आणि समोरच्या वस्तूवरच त्याचा शोध घ्या. पुढे नवी मांडणी समोर आली तेव्हाही हा खेळ शिकलेली कुटुंबं जास्त नेटाने प्रयोग करत होती. 'मला विज्ञानातलं काही येत नाही' म्हणून मागे उभ्या राहणाऱ्या आजीआजोबांना मी हाच खेळ सुचवते. त्यात उत्तर न येणारा माणूसच उपयोगाचा असतो.

कवट्यांसमोरच्या त्या आईला मी काही आठवड्यांनी ठरल्याप्रमाणे फोन केला. म्युझियमचं नाव मुलाच्या लक्षात नव्हतं. कवट्या कुठल्या प्राण्यांच्या होत्या तेही नाही. "पण रोज दात घासताना," ती म्हणाली, "आरशासमोर तोंड उघडून मोजत असतो, फाडायचे किती आणि चावायचे किती. काल विचारत होता, आपण दोन्ही खातो म्हणून दोन्ही आहेत का?"