बँकेची मेल मी मागून वाचतो

बँकेतून निवृत्त झालो तरी सोसायटीतली मंडळी मोबाइल घेऊन येतातच. परवा वरच्या मजल्यावरच्या वहिनी आल्या. "काका, आज रात्री बारापर्यंत केवायसी नाही केली तर खातं बंद म्हणे!" लोगो हुबेहूब. वहिनींचं त्या बँकेत खातंच नाही, ही गोष्ट वेगळी.

मी मजकूर सगळ्यात शेवटी वाचतो. पाठवणाऱ्याचं नाव कोणीही काहीही ठेवू शकतो, त्यामुळे त्या नावावर बोट ठेवून आधी खरा पत्ता उघडायचा. मग लिंक दाबून धरायची (उघडायची नाही हं!) आणि पहिल्या एकेरी तिरक्या रेघेच्या (/) लगेच आधी काय आहे ते बघायचं. रिझर्व्ह बँकेने बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत 'डॉट बँक डॉट इन' या पत्त्यावर जायला सांगितलं होतं. ही नावं आयडीआरबीटी ही रिझर्व्ह बँकेने स्थापन केलेली संस्था फक्त बँकांनाच देते. भामटे हेच शब्द मध्ये कुठेतरी कोंबतात आणि शेवट भलताच असतो.

शुद्धलेखनाच्या चुका शोधा, हा सल्ला आता जुना झाला. हल्लीचे चोर आमच्या जुन्या साहेबांपेक्षा बरं इंग्रजी लिहितात.

माहिती भरून बसला असाल तर कार्डामागच्या नंबरवर बँकेला लगेच कळवा. पैसे गेले असतील तर १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा. बँकेचा नंबर गूगलवर मात्र शोधू नका, तिथेही हीच मंडळी दुकान मांडून बसलेली असतात.