अर्ध्या बॉनेटवर सीलंट, अर्ध्यावर वॅक्स

मे महिन्याचा शेवटचा आठवडा आमच्या धंद्यात सगळ्यात गडबडीचा, पाऊस यायच्या आधी प्रत्येकाला गाडीचा रंग राखायला वरून वॅक्स, सीलंट असं काहीतरी मारून घ्यायचं असतं, आणि काय मारायचं ते मात्र ठरलेलं नसतं. माहीमला माझं डिटेलिंगचं, म्हणजे गाड्या धुऊन-घासून चमकवायचं, छोटं दुकान आहे, दोन गाड्या आत मावतात, तिसरी आली की गल्लीत. त्या दिवशी सकाळी साडेनऊच्या सुमारास गल्लीच्या तोंडाशी इंजिनाचा आवाज आला आणि मी हातातला कपडा खाली ठेवला. ज्याचं लहानपण मुंबईत गेलंय त्याला तो आवाज डोळे मिटूनही ओळखता येतो. प्रीमियर पद्मिनी, गडद निळी, 1986 ची, हॅण्डगियरवाली, म्हणजे गियर स्टिअरिंगपाशी, पहिल्यापासून एकाच मालकाकडे. 2023 च्या ऑक्टोबरमध्ये शेवटच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनीची टॅक्सी म्हणून मुदत संपली त्यानंतर ही गाडी रस्त्यावर दिसणंच कमी झालंय, त्यामुळे दारात आली की मला तरी भरून येतं.

गाडीतून काका उतरले, चौऱ्याहत्तर वर्षांचे, आणि मागच्या सीटवरून त्यांचा मुलगा. मुलाच्या हातात रंगावर कडक थर बसवणारा, ऑनलाइन मागवलेला सिरॅमिक स्प्रे, काकांच्या पिशवीत वॅक्सचा डबा. वाद घरूनच सुरू होऊन आला होता. मुलगा म्हणाला, "दादा, एकदाच काय ते पक्कं करून टाका, बाबांनी या वयात दर महिन्याला उन्हात उभं राहून घासत बसायला नको." काका म्हणाले, "मी घासतो म्हणूनच ती अजून चालतेय."

मी म्हटलं, डबा कुठला ते नंतर बघू, आधी गाडी बघू द्या. गिऱ्हाइकाला हे पटवणं सगळ्यात अवघड जातं. चमक डब्यातून येत नाही, खालचा रंग किती साफ आणि किती सपाट आहे त्यातून येते. वॅक्स काय, सीलंट काय, ते वर बसून जे आहे ते राखतं, घाणीवर बसवलं तर घाण राखतं. मी विचारलं, गाडी रात्री कुठे असते? काका म्हणाले, माटुंगा रोडला, रेल्वेच्या भिंतीला लागून, झाडाखाली. मग मला निम्मं उत्तर तिथेच मिळालं.

गाडी धुतली, सुकवली, आणि काकांच्या हातावर पातळ प्लास्टिकची पिशवी चढवून त्यांना बॉनेटवरून हळूच हात फिरवायला सांगितला. नुसत्या हाताला जे गुळगुळीत लागतं ते पिशवीतून वाळूसारखं खरखरीत लागतं. काकांचा चेहरा बदलला. "हे काय आहे?" म्हटलं, लोखंड. लोकलने ब्रेक मारले की लोखंडाचा बारीक कीस उडतो, रंगावर बसतो, दमट हवेत तिथेच गंजतो, साबणाने जात नाही. आधी डिकीच्या आतल्या कोपऱ्यात आयर्न रिमूव्हर, म्हणजे हा कीस सोडवणारं औषध, लावून बघितलं, रंगाला काही होत नाही याची खात्री केली, मग सावलीत, पत्रा थंड असताना रेल्वेच्या बाजूच्या दारावर मारलं. मिनिटभर काही नाही. मग एक जांभळा ठिपका, मग दहा, मग सगळ्या दारावरून जांभळे ओघळ खाली उतरायला लागले. सडक्या अंड्यासारखा वास येतो त्याला, गल्लीतले लोक नाक धरून बघत उभे. दुसऱ्या बाजूच्या दारावर त्याच्या चौथाईसुद्धा जांभळं आलं नाही. काका त्या दाराकडे बघत राहिले, म्हणाले, "इतकी वर्षं मी याच्यावरूनच वॅक्स घासत होतो?" मी सुकायच्या आत धुऊन काढलं, आणि उरलेलं क्ले बारने, म्हणजे मातीसारख्या मऊ वडीने, भरपूर ल्युब (निसरडं पाणी) मारून, वजन न देता.

खरा प्रसंग यानंतरचा. बॉनेटवर बारीक पॉलिश घेतलं, मऊ फोमचा पॅड, डीए मशीन (पॅड फिरवणारं पॉलिशचं मशीन) कमी स्पीडला. दोन हात फिरवले आणि पॅड उलटा केला तर पांढऱ्याचा निळा झालेला. काका खुर्चीतून ताडकन उठले, "अरे थांब, थांब, रंग काढतोयस माझा!" आणि मशीनची वायरच धरली. मुलगाही घाबरला. मी मशीन बंद केलं. त्यांचं काही चुकलं नव्हतं, आजच्या गाडीवर पॅडला रंग लागला तर मीसुद्धा काम थांबवीन, कारण तिथे रंगावर क्लिअर कोटचा पारदर्शक थर असतो आणि पॅडला रंग येणं म्हणजे तो थर संपला. पण या गाडीच्या बॉनेटवर रंग आहे तो एकच थर, वरून क्लिअर कोट नाहीच. ऊन खाऊन खाऊन वरचा पापुद्रा मरतो, खडूसारखा पांढरट होतो, आणि पॅडला येतो तो हाच मेलेला रंग. रंगाची जाडी मोजणारा मायक्रॉन गेज लावून दाखवला: पॉलिशच्या आधी 98, आता 96. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो, म्हणजे कंपनीचा सगळा रंग मिळून केसाच्या दीडपटसुद्धा नाही. डाव्या फेंडरवर गेज 400 च्या पुढे गेला तेव्हा काका स्वतःच म्हणाले, हो, तिथे एकदा ठोकली होती, पुट्टी भरलीय. बाकी सगळी अस्सल.

ते आकडे बघितल्यावर सिरॅमिकचा प्रश्न माझ्यापुरता मिटला. मी सिरॅमिकच्या विरोधात अजिबात नाही, नव्या गाडीवर नीट तयारी करून मारलं तर वर्ष-दोन वर्षं आरामात राहतं, माझा निम्मा धंदा त्यावर चालतो. पण स्प्रेच्या बाटलीवर नऊ एच लिहिलंय म्हणून दगड लागला तरी ओरखडा येणार नाही असं लोक समजतात, तो आकडा पेन्सिलच्या कडकपणाचा आहे, दगडाचा नाही. आणि पक्कं कोटिंग काढायचं झालं तर घासूनच काढावं लागतं. ज्या गाडीवर रंगच 96 मायक्रॉन उरलाय तिथे परत परत घासायची वेळ आणायची नाही, हे मी मुलाला सांगितलं आणि त्याला पटलं. त्याने मग टेफ्लॉनचं विचारलं, मागे एका ठिकाणी दुसऱ्या गाडीला करून घेतलं होतं, बरेच पैसे गेले, दोन महिन्यांत काही उरलं नाही. टेफ्लॉन वितळतं 327 डिग्रीला, तव्यावर ते भट्टीत बसवतात, गाडीच्या पत्र्यावर कपड्याने घासून तसं कधीच बसणार नाही.

राहिले दोन, वॅक्स आणि सीलंट. कार्नोबा वॅक्स म्हणजे ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरचं मेण, नैसर्गिक मेणांत सगळ्यात कडक, ऐंशीच्या वर डिग्री गेल्याशिवाय वितळत नाही. गडद, जुन्या रंगावर ते जी खोली देतं ती मला दुसऱ्या कशातच दिसत नाही, रंग ओला असल्यासारखा वाटतो. पण मुंबईत उघड्यावर उभी राहणारी गाडी, मेचं ऊन आणि जूनचा पाऊस, दीड-दोन महिने म्हणजे खूप झाले. सीलंट कारखान्यात बनवलेलं पॉलिमर, चमक थोडी काचेसारखी, थंड, पण चार-सहा महिने टिकतं. मात्र लावल्यावर काही तास कोरडं राहायला हवं, पावसाळ्यात लोक इथेच चुकतात, लावून लगेच बाहेर काढतात आणि मग डब्याला नावं ठेवतात. आणि रंग अगदी कोरा हवा, खाली जुन्या वॅक्सचा तेलकटपणा असेल तर सीलंट धरत नाही. वॅक्सचं उलट, ते सीलंटवर खुशाल चढतं.

बापलेकांचं एकमत होत नव्हतं, म्हणून मी बॉनेटच्या मधोमध वरपासून खालपर्यंत मास्किंग टेप लावली. पॉलिशचं तेल पुसून बॉनेट कोरं केलं. डावीकडे सीलंट, उजवीकडे काकांच्या डब्यातलं वॅक्स, आणि ते काकांनाच लावायला दिलं. त्यांचा हात बघण्यासारखा होता. ॲप्लिकेटरवर नखाएवढं मेण, सरळ रेषेत, इतकं पातळ की दिसतच नव्हतं. मग बोटाने एक रेघ ओढून बघितली, रेघ स्वच्छ उमटली तेव्हाच पुसायला घेतलं. माझ्याकडे कामाला येणाऱ्या पोरांना हे शिकवायला मला सहा-सहा महिने लागतात, पहिल्या दिवशी सगळे लोण्यासारखं थापतात. बाकी गाडीला सीलंट केलं, रात्री दुकानातच ठेवली, सकाळी टेप काढली. रेघ दिसत होती, पण लक्ष देऊन बघावं लागत होतं. वॅक्सची बाजू जास्त निळी. मुलगासुद्धा म्हणाला, हो, जास्त निळी.

गणपती झाल्यावर गाडी परत आली. अख्खा पावसाळा तिने रेल्वेच्या भिंतीला काढला होता. बॉनेटवर पाणी टाकलं तर दोन्हीकडे सारखंच पसरलं, मुलगा म्हणाला, दोन्ही गेलं वाटतं. मी म्हटलं थांबा. वर धुळीचा आणि झाडाच्या चिकाचा थर असला की खालचं काही असलं तरी कळत नाही. दोन बादल्या घेऊन शाम्पूने नीट धुतली, परत पाणी मारलं. डावीकडे थेंब टपोरे उभे राहिले, वाटाण्याएवढे, आणि गाडी किंचित हलवली तसे घरंगळत खाली गेले. उजवीकडे पाणी सपाट, चादरीसारखं पडून राहिलं. मधली रेघ आता लांबून दिसत होती.

मुलाने बाबांकडे बघितलं. काका बराच वेळ त्या थेंबांकडे बघत होते. मग मला म्हणाले, "खाली तुझं सीलंट राहू दे. वर्षातून दोनदा तू लाव, पावसाच्या आधी आणि दिवाळीला. वरून माझं मी लावीन." मुलगा काही बोलला नाही. गाडी पुसून झाली तेव्हा त्याने स्वतःच डिकी उघडली, काकांचा डबा काढला, झाकण उघडलं आणि विचारलं, "नखाएवढंच घ्यायचं ना?"